फाटक बंद झालं तेव्हा: एका तालुक्याच्या गावातल्या भुयारी पायवाटेचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव वर्धा-अमरावती पट्ट्यातलं, तालुक्याचं. नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन खुणाही बदलल्या आहेत. रेल्वेलाईन गावाला मधोमध कापत जाते. उत्तरेला जुनी वस्ती, आठवडी बाजार, दोन शाळा आणि एक जिनिंग. दक्षिणेला एसटी स्टँड, तहसील, ग्रामीण रुग्णालय आणि कनिष्ठ महाविद्यालय. म्हणजे जन्म उत्तरेला आणि दाखला दक्षिणेला, असा कारभार. मधे एकच फाटक. ते दिवसातून इतक्या वेळा पडायचं की गावात उशिरा येणाऱ्याला कारण विचारायची पद्धतच नव्हती.

मग फाटकापासून किलोमीटरभर पश्चिमेला उड्डाणपूल झाला. गाड्यांची सोय झाली आणि नियमाप्रमाणे फाटक कायमचं बंद झालं. दोन्ही बाजूंना भिंत उभी राहिली. पुलाच्या उद्घाटनाला मी होतो. पायी चालणाऱ्याचं काय, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. मीही नाही.

मी जिल्हा परिषदेतून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. नगरपंचायतीने पुढे या कामात सल्ल्याला बोलावलं. मानधन चहा आणि पेट्रोलचं, त्यामुळे खरं बोलायला मोकळा होतो. तरीही प्रत्येक वेळी बोललो असं नाही.

अडचण

पायी माणसाला बाजारातून रुग्णालयात जायचं तर आधी किलोमीटरभर पश्चिमेला, मग पुलाचा चढ-उतार, मग परत किलोमीटरभर. पूर्वी हे अंतर पाच मिनिटांचं होतं. महिनाभरात भिंतीला भगदाड पडलं आणि लोक रुळांवरून जाऊ लागले. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण डबा घेऊन निघालेली बाई कलम वाचत नाही. भगदाड बुजवलं की दुसरीकडे पडायचं.

पहिल्याच पावसाळ्यात एक म्हातारे गृहस्थ गेले. एका बाजूची मालगाडी निघून जाईपर्यंत थांबले आणि तिच्यामागे दुसऱ्या रुळावरून येणारी गाडी त्यांना दिसली नाही. त्यानंतर मोर्चा, निवेदन, बैठक हे सगळं रीतसर झालं.

पहिला नकाशा

नगराध्यक्षांचा (गावात त्यांना सगळे भाऊच म्हणतात) पुतण्या टोरांटोला असतो. तो दिवाळीला आला आणि मोबाईलवर तिथल्या जमिनीखालच्या पायवाटांचे फोटो दाखवले. ‘पाथ’ नावाचं ते जाळं तीस किलोमीटरच्या वर आहे. कार्यालयांचे मनोरे, रेल्वे स्टेशन, दुकानं सगळं आतून जोडलेलं. बाहेर बर्फ पडत असतो आणि माणूस स्वेटरही न घालता ऑफिसातून जेवायला जातो. मॉन्ट्रियललाही तसंच, तिथे १९६२ मध्ये एका मनोऱ्याच्या तळघरापासून सुरुवात झाली आणि १९६६ मध्ये मेट्रो आल्यावर जाळं पसरत गेलं.

भाऊंच्या डोक्यात ते बसलं, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांची थंडी तसं आमचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की स्टँडवरून रुग्णालयापर्यंत जाणं हीसुद्धा शिक्षा असते. जमिनीखाली सावली आणि गारवा मिळत असेल तर का नको?

एका खासगी सल्लागाराकडून नकाशा आला. जुन्या फाटकाच्या जागी रुळांखालून भुयार, दक्षिणेला त्याचे दोन फाटे, एक एसटी स्टँडच्या आवारात आणि एक रुग्णालयात. उत्तरेचं तोंड थेट बाजाराच्या ओट्यांत. आत दोन्ही हातांना चोवीस गाळे आणि गाळ्यांच्या भाड्यातून देखभाल. कागदावर भुयार इतकं लख्ख दिसत होतं की बैठकीत दोघांनी गाळ्यासाठी नावंही नोंदवली.

पर्यायांची पारख

पादचारी पूल हा पहिला पर्याय, आणि सगळ्यांत स्वस्त. पण लाईन विजेची. तारांच्या वरून जायचं म्हणजे रुळापासून सहा मीटरहून अधिक उंची, म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढा आणि तेवढ्याच उतरा. बाजारात मेथी-सांभार (कोथिंबीर) विकणाऱ्या एका आजीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “दोनशे पावलं वाकडं जाईन बाबू, पन चाळीस पायऱ्या नाई चढनार. गुडघे का रेल्वेचे हायेत माहे?” हे वाक्य मी टिपणात जसंच्या तसं लिहिलं. पुढे ते फार उपयोगी पडलं, कारण त्यातला पहिला भाग दुसऱ्या भागापेक्षा महत्त्वाचा निघाला.

जमिनीखालून जाण्यात खरा फायदा हाच असतो. माणसाला लागणारी उंची अडीच मीटर. वर स्लॅब, खडी, स्लीपर धरले तर भुयाराची फरशी रुळाखाली चार मीटरच्या आसपास येते. सत्तावीसेक पायऱ्या. उतार करायचा तर बाराला एक हे प्रमाण, म्हणजे चार मीटरसाठी अठ्ठेचाळीस मीटर लांब, मधले थांबे वेगळे. बाजाराच्या ओट्यांमध्ये एवढी लांबी सापडेना. नकाशात उतार ‘जागेनुसार’ असं लिहून सोडला होता. नकाशात ‘जागेनुसार’ दिसलं की जागा नाही असं समजावं, हे मी नोकरीत शिकलो.

पण घोडं अडलं ते पाण्यावर. फाटकापासून पन्नास पावलांवर एक जुनी विहीर आहे. मालकाला विचारलं, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं? तो म्हणाला, “पोळ्याले माह्या इहिरीले दोर लागत नाई साहेब. वाकून बादली भरते.” आम्ही ऑगस्टअखेर टेप सोडून पाहिलं. जमिनीपासून जेमतेम सव्वा मीटरवर पाणी. मे महिन्यात हीच विहीर अकरा मीटरवर तळ दाखवते. नकाशासाठीची पाहणी मे महिन्यातच झाली होती. खड्डा खणला, कोरडा लागला, अहवालात ‘पाणी आढळले नाही’. अहवालात खोटं काही नव्हतं. फक्त महिना चुकला होता.

म्हणजे फाटकाच्या जागचं भुयार चार महिने जमिनीतल्या पाण्यात बुडालेलं राहणार. वरून येणारा पाऊस वेगळाच. दोन्ही तोंडांचे उतार आणि त्यांच्याकडे वाहणारा रस्ता धरला तर अर्धा एकर, म्हणजे दोन हजार चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला की एक लाख लिटर पाणी भुयारात. पाच हॉर्सपॉवरचा पंप सेकंदाला बारा लिटर फेकतो असं धरलं तरी दोन तासांच्या वर. तेही लाईन, म्हणजे वीज, असेल तर. आणि आमच्याकडे ढग गडगडला की पहिली जाते ती लाईन.

बैठकीत एकाने म्हटलं, परदेशात कशी चालतात मग? तिथेही बुडतात. ह्यूस्टनला शहराच्या मध्यभागी दहा किलोमीटरच्या आसपास भुयारी पायवाटा आहेत. जून २००१ मध्ये ॲलिसन वादळाचा पाऊस तिथल्या तळघरांत आणि भुयारांत शिरला. लिफ्टने तळघरात उतरलेली एक बाई बुडून गेली. नंतर तिथे पूर अडवणारे दरवाजे बसवले. एवढं लांब जायचं नसेल तर नागपूर आहेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस झाला आणि शहराची काय दशा झाली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

गाळ्यांचा मुद्दा मला पाण्याहून अवघड वाटला. टोरांटोतलं जाळं एका मालकाचं नाही. ज्या इमारतीखालून जो तुकडा जातो तो त्या इमारतीच्या मालकाकडे. दिवा त्याचा, झाडू त्याचा, पहारेकरी त्याचा. कारण वर त्याचे भाडेकरू आहेत आणि खाली त्याची दुकानं. आमची तीन तोंडं तीन सरकारी आवारांत उघडणार होती. मी बैठकीत विचारलं की रात्री नऊ वाजता दिवा कोण लावणार? स्टँडवाल्यांनी नगरपंचायतीकडे पाहिलं, नगरपंचायतीने रुग्णालयाकडे. मेट्रन बाई म्हणाल्या, “माझ्याकडे वॉर्डात झाडायला माणूस नाही, भुयारात कुठून आणू?” चोवीस गाळ्यांचा विषय तिथेच संपला, पण नाव नोंदवलेल्या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

निर्णय

तोड सापडली ती कागदावर नव्हे, चालताना. फाटकाच्या पूर्वेला एकशेऐंशी मीटरवर नाला आहे. तिथे लाईन भरावावरून जाते आणि नाल्यासाठी इंग्रजांच्या काळातली दगडी मोरी आहे. उन्हाळ्यात गुराखी आणि पोरं त्या मोरीतून वाकून ये-जा करायचे. म्हणजे गावाचं भुयार आधीपासून होतंच. फक्त पावसाळ्यात ते नाल्याचं असायचं.

मोरीच्या अलीकडे भराव अडीच मीटर उंच. तिथे भुयार म्हणून काँक्रीटची चौकोनी पेटी घातली तर फरशी आसपासच्या जमिनीखाली दीड मीटरच जाते. उतार अठरा मीटर पुरतो, पायऱ्यांची गरजच नाही. नाल्याचा तळ फरशीपेक्षा अर्धा मीटर खाली, म्हणजे पाणी पंपाशिवाय आपोआप निघेल. विहिरीचा सव्वा मीटर इथेही डोक्यात होताच, पण नाला जवळ असल्याने इथलं भूजल थोडं खाली राहतं. दोन विहिरी मोजून त्याची खात्री केली.

तोटा एकच, एकशेऐंशी मीटरचा वळसा. माणूस सरळ रेषेत चालतो. वळसा दिला की तो भिंत फोडतो, हे आम्ही पाहिलं होतं. इथे आजीचं ‘दोनशे पावलं’ आठवलं. पण एका आजीच्या बोलण्यावर पैसे खर्च करता येत नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयाच्या एनएसएसच्या मुलांना बसवलं, एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस. भगदाडातून कोण जातं आणि कुठे जातं, एवढंच विचारायचं. निम्म्याहून जास्त लोक स्टँडला नव्हे, रुग्णालय आणि महाविद्यालयाकडे जाणारे निघाले. त्या दोन्ही जागा पूर्वेलाच आहेत. त्यांना वळसा पडतच नव्हता. सगळा नकाशा स्टँड धरून आखला होता, कारण नकाशा आखणारा एसटीने आला होता.

भाऊंनी टोरांटो सोडून नाल्याकाठची पेटी मान्य केली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. गाळे गेले, फाटे गेले, उद्घाटनात दाखवण्यासारखं काही उरलं नाही. फक्त एक अट घातली: पंपाची खोली हवी. मी म्हटलं पंपच लागणार नाही. ते म्हणाले, लोक विचारतील पाणी भरलं तर काय, तेव्हा खोली तरी दाखवता आली पाहिजे. मी हो म्हटलं. पुढच्या पैशांची कुतरओढ पाहता ते मान्य करायला नको होतं.

काम

रुळांखालचं काम रेल्वेनेच करायचं असतं. नगरपंचायतीने आधी पैसे भरायचे. खासदार निधी, जिल्हा नियोजन आणि थोडा स्वनिधी अशी गोधडी शिवली. काँक्रीटची पेटी बाजूला ओतून, भरावात जॅकने ढकलत नेली. वरून गाड्या सावकाश जात होत्या. तो आठवडाभर गाव तमाशाला यावं तसं काठावर बसून होतं.

दोन्ही बाजूंचे उतार आणि पंख-भिंती (तोंडाशी माती अडवणाऱ्या बाजूच्या भिंती) नगरपंचायतीच्या कंत्राटदाराकडे. इथे दोन चुका झाल्या आणि दोन्हींत मी होतो.

पेटी एकाची, उतार दुसऱ्याचा. त्यांच्यामधला सांधा कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता. तिथे रबरी पट्टी घालून सांधा पाणीबंद करायचा असतो. मी दोन्ही नकाशे तपासले, पण वेगवेगळ्या दिवशी. शेजारी ठेवून पाहिले असते तर दोन मिनिटांत दिसलं असतं.

दुसरी चूक मातीची. आमची काळी कापसाची जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. भिंतीमागे ही माती भरायची नाही, मुरूम भरायचा, हे निविदेत होतं. उत्तरेच्या बाजूला मुरूम भरला. दक्षिणेला मार्चअखेरीस बिलाची घाई आली आणि खणलेली काळी मातीच परत ढकलली. मी त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला अकोल्याला होतो. परत आल्यावर वरून मुरमाचा थर दिसला आणि मी खाली टोकरून पाहिलं नाही.

निकाल

भिंतीतली भगदाडं पहिल्या दोन महिन्यांत निम्म्यावर आली. महाविद्यालयाच्या मुली, बाजारवाल्या बाया, रुग्णालयातले नातेवाईक सगळे खालून जाऊ लागले. मेच्या दुपारी भुयारात म्हातारे टेकून बसलेले दिसतात. सावलीचं टोरांटोवालं गणित एवढंसं का होईना खरं निघालं.

पहिल्या पावसाळ्यात दोनदा पाणी शिरलं. वरून नव्हे, नाल्यातून. नाला फुगला की पाणी बाहेर काढणारी नळीच पाणी आत आणते. नळीच्या तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप बसवायला हवी होती. ती नंतर बसवली. दोन्ही वेळा गुडघाभर पाणी, पाच-सहा तासांत आपोआप ओसरलं. गाळ मात्र तिथेच राहिला. काळा गाळ फरशीवर साबणासारखा असतो. एक शिक्षिका घसरून पडल्या आणि हात मोडला. गाळ कोण काढणार हे ठरायला चार दिवस गेले. मी गाळ्यांच्या वेळी विचारलेला प्रश्न मलाच परत आला.

दक्षिणेची भिंत दुसऱ्या पावसाळ्यात दोन बोटं पुढे झुकली. मागची माती काढून मुरूम भरला आणि भिंतीत पाणी झिरपायला छिद्रं पाडली. सांध्यातून अजून गळतं. हिवाळ्यापर्यंत तिथे शेवाळ असतं.

रात्रीचा प्रश्न आम्ही मोजलाच नव्हता. मुलांनी मोजणी सकाळी सात ते संध्याकाळी सहा केली होती. अंधार पडला की बाया भुयारात जाईनात. दिवे होते, पण बारा मीटर लांब भुयारात पलीकडून कोण येतंय हे आत शिरल्यावरच कळायचं. त्या पुन्हा रुळांवरून जाऊ लागल्या. उपाय झाला तो कोणाच्या नियोजनातून नव्हे. उत्तरेच्या तोंडाशी एकाने चहाची टपरी टाकली, तिच्याजवळ त्याच आजीने भाजीचं दुकान मांडलं. नगरपंचायतीने अतिक्रमण म्हणून नोटीस दिली. मी भाऊंना फोन करून म्हटलं, पहारेकऱ्याला पगार देणार होता का? नाही ना? मग हे दोघं फुकट बसलेत, बसू द्या. टपरी रात्री साडेनऊपर्यंत असते आणि तोवर भुयार वापरात असतं. दक्षिणेच्या तोंडाशी कोणी बसत नाही. ती बाजू अजून भीतीची आहे.

मोटारसायकलींचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. पायऱ्या नाहीत म्हटल्यावर दूधवाले आणि पोरं थेट गाडीवरून आत. तोंडाशी लोखंडी खांब रोवले. खांबांत साठ सेंटिमीटर ठेवले तर मोटारसायकल अडते, पण रुग्णालयाची व्हीलचेअरही अडते. नव्वद ठेवले तर दोन्ही जातात. सध्या नव्वद आहे, आणि पोरांना टपरीवाला ओरडतो.

आज करायचं झालं तर

मोजणी रात्री दहापर्यंत करीन, आणि बायांना वेगळं विचारीन. पोरांनी ‘कुठे जाता’ विचारलं, ‘कधी जात नाही’ हे विचारलं नाही.

जमिनीची पाहणी पोळ्याच्या आसपास. मे महिन्यातला खड्डा फक्त खणणाऱ्याच्या सोयीचा असतो.

दोन कंत्राटं असतील तर सांध्याचं काम नाव घालून एकाच्या अंगावर टाकीन. शेवाळ पाहून दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि दोघांचंही कागदावर बरोबर आहे.

गाळ्यांवर मी जरा जास्तच तुटून पडलो. चोवीस नकोतच, आणि आत तर नकोतच. पण प्रत्येक तोंडाशी, जमिनीच्या पातळीवर दोन-दोन गाळे, भाडं नाममात्र, आणि बदल्यात झाडू व दिवा त्यांच्याकडे, असं लिहून घेतलं असतं तर दक्षिणेचं तोंड आज ओसाड नसतं. त्या बैठकीत मला पूर्ण नकाशा पाडायचा होता, म्हणून त्यातलं बरं काय होतं ते मी शोधलं नाही.

पंपाच्या खोलीवर जे पैसे गेले त्यात झडप पहिल्याच वर्षी बसली असती आणि त्या शिक्षिकेचा हात शाबूत राहिला असता. खोलीत पंप कधी आला नाही. आजी आपल्या टोपल्या रात्री तिथे ठेवते; किल्ली टपरीवाल्याकडे असते.